जुन्या ड्रॅग कारला डिस्क ब्रेक: मोठे की हलके?

यूट्यूबवर जुन्या अमेरिकन गाड्यांचे ड्रॅग रेसिंगचे व्हिडिओ बघताना सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे असतं. हॉर्सपॉवर किती, सेकंद किती. पण पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर संपले की ती गाडी थांबते कशी? मला हाच भाग जास्त आवडतो. इथलं गणित चुकलं तर जिवावर बेततं.

उदाहरणाला १९६९ची शेवरोले कमॅरो घेऊ. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक स्टँडर्ड होते, पुढे डिस्क हवे असतील तर जास्तीचे पैसे द्यावे लागत. समजा, ड्रायव्हरसकट १४०० किलोची ही गाडी ताशी २१० किमीने फिनिश लाइन ओलांडते. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ताशी १०० किमीच्या तुलनेत ती चौपटीहून जास्त भरते, जवळपास २४ लाख ज्यूल. हवेचा विरोध थोडी खातो, बाकीची बहुतेक ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते.

मग सगळ्यात मोठी डिस्क घ्यायची का? नाही. तुमच्या फोनचंच बघा. ॲप उघडताना प्रोसेसर क्षणभर जोरात पळतो आणि काम संपतं. तासभर गेम खेळलात की मात्र फोन तापून स्लो होतो. ड्रॅग कारच्या ब्रेकचं काम पहिल्या प्रकारचं आहे: एकदा जोरात थांबायचं, मग पुढच्या रनपर्यंत निवांत थंड व्हायचं. म्हणून विल्वुड, स्ट्रेंज इंजिनिअरिंग यांच्या ड्रॅग किटमध्ये पातळ, भोकं पाडलेल्या डिस्क दिसतात. चाकाबरोबर फिरणारं वजन कमी झालं की गाडी वेगही लवकर पकडते.

पण तीच कमॅरो रविवारी रस्त्यावर फिरवायची असेल तर ही पातळ डिस्क अजिबात नको. ट्रॅफिकमध्ये किंवा उतारावर सारखा ब्रेक दाबला की ती तापत जाते आणि पॅडची पकड सुटते. तिथे आतून हवा खेळणारी जाड डिस्कच घ्या. पॅडच्या बाबतीत उलटी गंमत आहे. सर्किट रेसिंगचे महागडे पॅड तापल्यावर नीट धरतात, ड्रॅगमध्ये ते थंड असतानाच धरायला हवेत.

पुढची चाकं अरुंद असतात, त्यामुळे कॅलिपर रिमला घासत नाही ना, हे किट मागवण्याआधी मोजा. मागे रुंद स्लिक टायर असतात. पकड तिथे भरपूर, म्हणून मागच्या ब्रेकवर साध्या गाडीपेक्षा जास्त काम टाकता येतं. शिवाय फूटब्रेक लावून स्टार्ट घेणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर रोखून धरायचा असतो तो मागच्याच ब्रेकनी. मागे हलकं किट लावून पैसे वाचवू नका.

आता मास्टर सिलिंडर. लोक इथेच फसतात. ड्रम ब्रेकमध्ये फिरणारा ड्रम ब्रेक शूला स्वतःच ओढून घेतो, पायाला आपोआप मदत मिळते. डिस्कमध्ये ती मदत नाही, दाब जास्त लागतो. त्यात रेसिंग कॅमशाफ्टमुळे इंजिनात व्हॅक्यूम कमी तयार होतो, म्हणजे ब्रेक बूस्टरचाही भरवसा नाही. उरतो फक्त तुमचा पाय.

मी एक्सेलमध्ये हिशोब मांडून बघितला. पायाचा जोर ३५ किलो, पेडल तो सहापट करतं, म्हणजे २१० किलो. एक इंच बोअरच्या सिलिंडरमध्ये दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४१ किलो. बोअर सात अष्टमांश इंच केला की तोच पाय ५४ किलो देतो, म्हणजे जवळपास ३० टक्के जास्त! किंमत एवढीच की पेडल जास्त आत जातं. कॅलिपरचे पिस्टन मोठे असतील तर तेल जास्त लागतं आणि ते आणखी आत जातं. म्हणून कॅलिपर आधी ठरवा, सिलिंडर नंतर.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ड्रमसाठीच्या जुन्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खाली असेल तर २ पीएसआयचा बसवतात. काम झाल्यावर गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. ते अडत असेल तर ट्रॅकवर जाऊ नका, आधी हा व्हॉल्व्ह तपासा.