हाताला काम, बसायला जागा

सुंदर शहरात राहिले की माणसाला सुंदर सुचते, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. तसे असते तर फोर्टातून रोज ये-जा करणारी सगळी कारकून मंडळी एव्हाना कवी झाली असती. मी काही कलाशाखेचा पदवीधर नाही; पण मुंबईबद्दल जे वाचले आणि पायी हिंडून जे पाहिले, त्यावरून वाटते की शहर कलावंताला घडवते ते दोन साध्या गोष्टी देऊन. एक हाताला काम आणि दुसरी बसायला जागा.

आधी कामाचे पाहू. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. जॉन लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये तिथे इमारतींवरचे शिल्पकाम शिकवायला आले. (रडयार्ड हा त्यांचाच मुलगा, त्याच वर्षी मुंबईत जन्मलेला.) शाळेपासून हाकेच्या अंतरावर क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले, त्याच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे किपलिंग यांची. पुढे १८७८ पासून दहा वर्षे बोरीबंदरचे स्थानक बांधले जात होते. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पण पानेफुले, पशुपक्षी यांचे कोरीवकाम बरेचसे जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे. कागदावरचे चित्र बिघडले तर फाडून टाकता येते. इथे मात्र आपण कोरलेला मोर उद्या हजारो लोक बघणार, ही धास्ती घेऊनच ही मुले शिकली.

१९३०च्या दशकात एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. या कामाचा उल्लेख बहुतेक वेळा गरिबीचे दिवस म्हणून होतो आणि तिथेच संपतो. मला त्यात शिक्षण दिसते. एवढा मोठा चेहरा रंगवताना माणूस त्याच्या इतका जवळ असतो की त्याला नाक दिसत नाही, नुसता रंगाचा पट्टा दिसतो. प्रमाण मनात धरून हात चालवायचा, तोही खांद्यापासून. शिवाय चालत्या ट्राममधल्या माणसाला नट ओळखू आला पाहिजे, म्हणजे बारकाव्यांना फाटा. हुसेन यांच्या कॅनव्हासवरची ती जाड, बेधडक रेषा मला या फलकांचीच लेक वाटते.

जागेसाठी अरुण कोलटकरांचे उदाहरण घेतो. मूळचे कोल्हापूरचे, जे. जे.त शिकलेले, जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. काळा घोडा चौकातल्या ‘वेसाईड इन’मध्ये ते वर्षानुवर्षे बसत. भोवती डेव्हिड ससून ग्रंथालय, जहांगीर कलादालन असे वैभव. पण २००४ मध्ये आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहात मानाची जागा मिळाली ती वाहतूक बेटावरच्या कुत्र्याला, कचरा झाडणारीला, फुटपाथवर इडली खाणाऱ्यांना. येताजाता हे कुणालाही दिसते. एका खुर्चीत वर्षे काढल्यावर ते वेगळे दिसू लागते. ज्या पुतळ्यावरून चौकाला नाव पडले, तो तर १९६५ मध्येच तिथून हलला होता. तो आता राणीच्या बागेत आहे. त्यावाचून कवितेचे काही अडले नाही.

आज ‘वेसाईड इन’ नाही. फलक फ्लेक्सवर छापून येतात आणि रात्रीतून टांगले जातात. ते घडताना कुणाला दिसत नाहीत. इथल्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवले, याचा आनंदच आहे. पण गावाकडून शिकायला आलेल्या, एका खोलीत चौघे राहणाऱ्या मुलांसाठी हा परिसर म्हणजेच स्टुडिओ असतो. मध्यंतरी याच भागातल्या एका इमारतीच्या पायरीवर चार विद्यार्थी स्केच करत होते. रखवालदाराने त्यांना उठवले. तिघे निघून गेले. एक मुलगी समोरच्या फुटपाथवर गेली आणि तिने उभ्यानेच चित्र पुरे केले.