उघड्या टॅबचे परिमाण

पूर्वी पेढीच्या गादीवर रोकड लिहून झाली की ती वही मिटावी आणि मगच खतावणी उघडावी, असा शिरस्ता होता. वह्या संगणकात गेल्या आणि हा शिरस्ता मागे पडला. आज जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल, बँक, ईमेल, बाजारभाव असे वीस-पंचवीस टॅब दिवसभर उघडे असतात. त्यांची नावेही दिसेनाशी होतात आणि घाईत एका पेढीचा आकडा दुसरीच्या विवरणात जातो. जीएसटीआर-३बी एकदा दाखल झाले की सुधारून पुन्हा भरता येत नाही. चूक पुढील विवरणातच दुरुस्त करावी लागते.

यावर उपाय कळफलकावरच आहे. क्रोम व एज या ब्राउझरमध्ये कंट्रोल धरून १ ते ८ यांपैकी अंक दाबला की डावीकडून त्या क्रमांकाचा टॅब समोर येतो. ९ दाबल्यास शेवटचा. म्हणून रोजच्या टॅबचा क्रम कायम ठेवावा : पहिला जीएसटी, दुसरा ई-वे बिल, तिसरा बँक. कंट्रोल व टॅब कळ दाबल्यास पुढचा टॅब येतो, सोबत शिफ्ट दाबल्यास मागचा. गर्दीत हरवलेला टॅब कंट्रोल, शिफ्ट व ए दाबून नावाने शोधता येतो. मॅकवर अंकांसाठी व अक्षरांसाठी कंट्रोलऐवजी कमांड वापरावी.

काम संपताच कंट्रोल व डब्ल्यू दाबून टॅब मिटावा. चुकून मिटल्यास कंट्रोल, शिफ्ट व टी त्याला परत आणतात. मात्र अर्धवट भरलेला तक्ता परत येईलच असे नाही, म्हणून तो आधी सेव्ह करावा. बँकेतून प्रथम लॉगआउट करावे, मगच टॅब मिटावा. कंट्रोल, शिफ्ट व डब्ल्यू एकत्र दाबल्यास संपूर्ण खिडकीच बंद होते, याचे भान असावे. घरात दोन पेढ्या असतील तर प्रत्येकीसाठी ब्राउझरचे स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे. एकाच प्रोफाइलमध्ये एकाच पोर्टलची दोन लॉगिन एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो.

‘पुढे लागेल’ म्हणून उघडे ठेवलेले टॅब हाही एक संग्रहच. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. गरजेची मर्यादा आपण होऊन आखणे हा त्याचा गाभा. टॅबलाही अशी मर्यादा घालता येते. आठ अंकांना आठ टॅब, हे परिमाण पेढीला पुरेसे आहे. नंतर वाचायचे पान कंट्रोल व डी दाबून बुकमार्क करावे आणि मिटावे.

महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी, या मुदतींच्या दिवशी पेढीवर उशीर होतो आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकते, असा अनेक घरांचा अनुभव आहे. आटोपशीर पडद्यावर काम वेळेत उरकले, तर चौविहार पाळणाऱ्यास घरी वेळेवर पोहोचता येईल.