जुनी मोटार आणि चाकांतील हवेचा सेन्सर

चाकांतील हवा कमी झाल्याची खूण दाखविणारा पिवळा दिवा नव्या मोटारींत क्वचितच लागतो. गाडी आठ-दहा वर्षांची झाली कीं तो अधूनमधून दिसूं लागतो, आणि एके दिवशीं तो विझतच नाहीं. हवा भरून आणली तरी दिवा तसाच. गॅरेजांतून निरोप येतो कीं सेन्सर गेले, चारही बदलावे लागतील. खर्चाचा आंकडा ऐकून घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सेन्सर नव्हते तेव्हां मोटारी धांवत नव्हत्या काय? दुसरा म्हणतो, जिवाशीं खेळ नको. दोघांचेंही म्हणणें अर्धें खरें आहे. म्हणून हें उपकरण काय करतें आणि काय करीत नाहीं, हें आधीं पाहणें अगत्याचें आहे.

हवेचा टायर जॉन बॉइड डनलप यानें बेलफास्ट येथें १८८७ सालीं तयार केला. पुढें जवळजवळ शंभर वर्षें हवा तपासणें हें माणसाच्या हातचेंच काम होतें. सेन्सर सार्वत्रिक झाला तो अमेरिकेंतील एका प्रकरणामुळें. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायरांचा वरचा थर वेगांत सुटून गाड्या उलटत, व त्यांत दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. ऑगस्ट २००० मध्यें सुमारें ६५ लाख टायर परत मागविण्यांत आले. चौकशींत हवेच्या दाबाचा प्रश्न पुढें आला, आणि त्याच वर्षीं तेथील काँग्रेसनें कायदा केला. सप्टेंबर २००७ पासून तेथील प्रत्येक नव्या मोटारीस हा दिवा सक्तीचा झाला. त्या पहिल्या पिढीच्या गाड्या आतां जुन्या बाजारांत फिरत आहेत. परदेशीं शिकावयास गेलेला मुलगा स्वस्तांत जी गाडी घेतो, ती बहुधा यांतलीच असते.

कमी हवा एवढी घातक कां? टायरांत हवा कमी असली कीं त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकतात. वांकण्यानें उष्णता वाढते, आणि उष्णतेनें आंतले थर एकमेकांस सोडूं लागतात. शहरांतल्या तीस-चाळीसच्या वेगांत हें फारसें जाणवत नाहीं. नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला. तशा रस्त्यावर उन्हाळ्याच्या दुपारीं, तासन्‌ तास एकाच वेगानें जातांना मात्र तेंच टायर प्राणावर बेततात.

आतां सेन्सरची गोष्ट. याच्या दोन जाती आहेत. कित्येक गाड्यांत चाकाच्या आंत कांहींच नसतें. हवा गेलेल्या चाकाचा घेर किंचित्‌ कमी होतो, तें इतरांपेक्षां जलद फिरतें, आणि ब्रेकच्या यंत्रणेंतील वेगमापक तो फरक हेरतात. अशा गाडींत बदलण्यासारखा सेन्सरच नाहीं. कोणी तो बदलावयास सांगत असेल, तर गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडून दाखवावी! दुसऱ्या जातींत प्रत्येक व्हॉल्व्हच्या मुळाशीं, रिमच्या आंतल्या बाजूस, एक लहानशी डबी असते. ती दाब मोजते आणि रेडिओच्या लहरींनीं गाडीला कळविते. तिच्यांतील लिथियमची बॅटरी राळेंत पक्की बंद केलेली असल्यामुळें ती निराळी बदलतां येत नाहीं. साधारण पांच ते दहा वर्षांत ती संपते, आणि डबीच टाकून द्यावी लागते.

दिव्याची भाषा मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. गाडी सुरू केल्यावर दिवा लागून तसाच स्थिर राहिला, तर हवा कमी आहे असें समजावें. तो मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेंत आहे. अमेरिकन नियमान्वये ही खूण ठरलेली असून अन्यत्रही अनेक गाड्यांत ती तशीच आढळते. थंडीच्या पहाटे लागून कांहीं अंतर गेल्यावर विझणारा दिवा हा सेन्सरचा दोष नव्हे. तपमान पांच-सहा अंशांनीं उतरलें कीं दाब सुमारें एका पौंडानें उतरतो, आणि टायर तापले कीं पुन्हां चढतो. तेथें हवा भरावी. सेन्सरला हात लावूं नये. नुकतीच हवा भरूनही दिवा पेटला, तर खर्चाचा विचार करण्यापूर्वीं पंक्चर शोधावें.

डबी खरोखरच संपली असेल, तर पुढचा प्रश्न असा कीं ती काय देत होती. अमेरिकन नियमाप्रमाणें ठरलेल्या दाबापेक्षां पंचवीस टक्के कमी झाल्यावर इशारा मिळाला तरी पुरे. म्हणजे बत्तीस पौंडांच्या टायरांत चोवीस उरेपर्यंत दिवा गप्प राहूं शकतो. महिन्याला एक-दोन पौंड झिरपून जाणारी हवा त्याला बराच काळ कळत नाहीं. त्याचा खरा उपयोग वाटेंत खिळा लागला असतां. त्या वेळीं हातांतलें गेज घरीं खणांत पडलेलें असतें. हे दोन्ही पहारे निराळ्या वेळचे आहेत, आणि घरांतला वाद बहुतेक याच घोटाळ्यांतून उपजतो.

तेव्हां गाडी कोण चालवितें व कोठें, यावर निर्णय करावा. शहरांतल्या शहरांत फिरणारी, दोन-तीन वर्षांत निघावयाची गाडी असेल आणि घरांत दरमहा थंड टायरांची हवा पाहणारें कोणी असेल, तर जुनी डबी व्हॉल्व्ह म्हणून तशीच राहूं द्यावी. शेंदोनशें रुपयांचें गेज तेवढें घ्यावें. पंपावर टांगलेलें गेज किती खरें, याचा भरंवसा नसतो. हवेकडे कोणी पाहतच नसेल, किंवा गाडी वारंवार महामार्गावर जात असेल, तर सेन्सर बदलावेत. भारतांत २०२० मध्यें नियम बदलल्यापासून, ट्यूबलेस टायर, पंक्चर दुरुस्तीचें साहित्य आणि हा दिवा असलेल्या गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. अशा गाडींत तर सेन्सरवांचून राहूंच नये. ब्रिटनमध्यें जानेवारी २०१२ नंतरच्या मोटारीचा बिघाडाचा दिवा लागलेला असला तर ती वार्षिक तपासणींत नापास होते; तेथें घरच्या मताला वावच नाहीं.

एका गोष्टीला मात्र कोणतीही सबब चालणार नाहीं. दिव्यावर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. अनेक गाड्यांत बिघाड आणि कमी हवा यांना एकच दिवा असतो. एक डबी मेली कीं उरलेल्या तीन चाकांचा इशाराही त्याच उजेडांत बुडून जातो. तो दिवा लागलेलाच ठेवावयाचा, तर त्या घरानें दिव्यावरचा विश्वास पूर्णपणें सोडून गेजवर ठेवला पाहिजे.

बदलावयाचेंच ठरलें, तर वेळ साधावी. डबी काढावयास टायर रिमवरून उतरवावाच लागतो. तीच मजुरी नवे टायर बसवितांना दिलेली असते. म्हणून टायरांचें आयुष्य सहा महिन्यांवर आलें असेल, तर गेजच्या आधारें तेवढें थांबावें. एक डबी वयानें संपली, तर बाकीच्या तिघीही त्याच वर्षीं जन्मल्या आहेत हें विसरूं नये. नवी डबी गाडीच्याच लहरीवर बोलणारी असावी. अमेरिकेंतील बहुतेक गाड्यांत ती ३१५ मेगाहर्ट्‌झ आणि युरोपांत ४३३ असते. बसविल्यावर गाडीला तिची ओळख करून द्यावी लागते. तें काम दुकानदार करणार कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें. डबी चांगली असली तरी टायर बदलतांना तिचें रबरी वायसर आणि आंतली पिन नवी घालून घ्यावी. आणि ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर शोभेची पितळी टोपी बसवूं नये. दोन धातूंमध्यें ओल शिरून टोपी अशी धरून बसते कीं ती सोडवितांना व्हॉल्व्हच मोडतो. प्लास्टिकची टोपी पुरते.