चिठ्ठी खिशात, हिशेब वहीत

समजा, जालन्याच्या मोंढ्यातील एका अडत्याला चेहरे लक्षातच राहत नाहीत. तो प्रत्येक शेतकऱ्याला क्रमांकाची चिठ्ठी देतो. पुढच्या खेपेस चिठ्ठी दाखवली की वहीतील ते पान उघडतो.

संकेतस्थळही असेच विसराळू असते. पान मागणारा प्रत्येक जण त्याला नवखाच. म्हणून १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ची युक्ती काढली. संकेतस्थळ ब्राउझरकडे एक छोटी नोंद ठेवायला देते. ब्राउझर दर भेटीत ती परत दाखवतो.

जुगाराचे संकेतस्थळ याच चिठ्ठीने खेळणाऱ्याला ओळखते. कोणत्या दलालाच्या जाहिरातीतून तो आला, हेही कुकीवरून कळते. त्यावर दलालाचे कमिशन ठरते. तो किती वेळ खेळला, किती हरला, हा हिशेब मात्र संकेतस्थळाच्या वहीत असतो. हरलेल्याला ‘पुन्हा या’ म्हणून सवलत कधी द्यायची, हे त्या वहीवरून ठरवता येते.

मग कुकी पुसली तर? चिठ्ठी फाटते, वही शाबूत राहते. मोबाइल क्रमांक टाकताच जुने खाते पुन्हा उघडते.

वर्गात करून पाहा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत ई-मेल उघडा. मग ती खिडकी बंद करा. तिच्यातील कुकी पुसल्या जातात. पुन्हा उघडल्यावर परवलीचा शब्द मागितला जाईल, पण पत्रे जागच्या जागी असतील.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. तरीही ‘एकदाच पाहतो, मग पुसून टाकतो’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा: पुसले काय, आणि उरले कोठे?