ऑटोमॅटिक गाडी खरंच पेट्रोल जास्त खाते?

"ऑटोमॅटिक घेऊ नकोस, ॲव्हरेज देत नाही" हा सल्ला अजूनही सर्रास मिळतो. जुन्या टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांबाबत तो खरा होता. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट नसते, तेल असतं. इंजिनाकडचा पंखा तेल ढकलतो आणि त्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. हा दुसरा पंखा किंचित मागे पडतो, आणि तेवढी ताकद तेल तापवण्यात वाया जाते. त्यात गिअरही तीन-चारच असायचे. आता लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो, गिअरही सहा-आठ झालेत.

एएमटी या ऑटोमॅटिकच्या दुसऱ्या प्रकाराचं गणितच वेगळं. गिअरबॉक्स आणि क्लच मॅन्युअलसारखेच, फक्त हातापायांचं काम यंत्रणा करते. 2014 मध्ये आलेल्या मारुती सेलेरियोच्या मॅन्युअल आणि एएमटी, दोन्हींचा प्रमाणित आकडा लिटरला 23.1 किमी होता! गिअर बदलताना झटका बसतो, घाटात जरा जास्तच, हे मान्य.

मॅन्युअलवाल्यांनो, हाफ क्लचवर गाडी रेटली तर ॲव्हरेज तुमचाही घसरतो.

शोरूममध्ये नुसतं "ऑटोमॅटिक आहे का?" विचारू नका. एएमटी, सीव्हीटी, डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर, यातला कोणता प्रकार आहे हे आधी विचारा आणि टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्येच घ्या.