तो साप इंग्रजांविरुद्ध नव्हता!

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर काहीही वाचायला घ्या, आठ तुकडे झालेला साप हमखास भेटतो. खाली वसाहतींना दरडावणी : एक व्हा, नाहीतर मरा. हे इंग्रजांविरुद्ध फुंकलेले रणशिंग, असा सर्रास समज आहे. पण बेंजामिन फ्रँकलिनने हे चित्र ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये छापले ते ९ मे १७५४ रोजी. तेव्हा धास्ती होती फ्रेंचांची आणि त्यांना मिळालेल्या मूलनिवासी जमातींची. फ्रँकलिन स्वतः इंग्लंडच्या राजाचा निष्ठावंत प्रजाजन होता. साप इंग्रजांवर उलटला तो पुढे, वसाहतींवर कर लादणाऱ्या १७६५च्या स्टँप कायद्यानंतर.

दुसरा गैरसमज याहून मोठा : या संघर्षावरची व्यंगचित्रे बंडखोर वसाहतींनी काढली. खरे तर यातली बहुतेक लंडनची. तांब्याच्या पत्र्यावर कोरायची, छापायची आणि दुकानाच्या खिडकीत टांगायची. फुकट बघ्यांची गर्दी ठरलेली. छापण्यापूर्वी परवाना घेण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १६९५ सालीच संपली होती, आणि मंत्र्यांवर दात धरून बसलेले विरोधक व व्यापारी लंडनमध्ये भरपूर होते. १७६६ मध्ये स्टँप कायदा रद्द झाला, तेव्हा चित्रकार बेंजामिन विल्सनने कागदावर त्याची अंत्ययात्राच काढली. छोटी शवपेटी काखोटीला मारून चाललाय कायद्याचा जनक जॉर्ज ग्रेनव्हिल. चित्राच्या चोरट्या नकलाही लगेच बाजारात आल्या.

१७७४चे ‘लंडन मॅगझिन’मधले चित्र तर आजही अंगावर येते. अमेरिका म्हणजे जमिनीवर पाडलेली मूलनिवासी स्त्री. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ तिच्या घशात चहा ओततोय, खिशातून, चहा समुद्रात फेकल्याची शिक्षा म्हणून बॉस्टन बंदर बंद करणारा कायदा डोकावतोय. त्याचा मंत्री लॉर्ड सँडविच तिचे पाय धरून नको तिथे पाहतोय. ब्रिटनचे प्रतीक असलेल्या ब्रिटानियाने तोंड फिरवलेय. ती स्त्री मात्र चहा नॉर्थच्याच तोंडावर थुंकते! बॉस्टनच्या पॉल रिव्हिअरने काही आठवड्यांतच याची नक्कल तिकडच्या मासिकासाठी कोरली. थोडक्यात, इंग्रज सरकारची निंदासुद्धा इंग्लंडहूनच आयात होत होती.

रिव्हिअरला नकलेची सवयच होती म्हणा. इंग्रज शिपायांनी १७७० मध्ये बॉस्टनच्या जमावावर केलेल्या गोळीबाराचे त्याचे गाजलेले चित्र अनेक जण डोळ्यांदेखतचा पुरावा मानतात. मूळ चित्र हेन्री पेलहॅमचे. त्याने रिव्हिअरला संतापून पत्रही लिहिले. चित्रात शिपाई शिस्तीत रांग धरून गोळ्या झाडतात, मागे कप्तान तलवार उगारून हुकूम देतो. प्रत्यक्षात गोंधळ होता. जॉन अ‍ॅडम्सने खटल्यात आरोपींची वकिली केली; कप्तान सुटला, आठपैकी सहा शिपाई सुटले, दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले.

शेवटी पुन्हा साप, पण यावेळी अखंड. १७८२ मध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरेने, लंडनमध्येच, अमेरिकेत शरण गेलेल्या दोन इंग्रज फौजांना विळखा घातलेला खुळखुळ्या साप काढला. शेपटीवर पाटी, लष्करी मंडळींसाठी जागा भाड्याने देणे आहे. विळख्यातली एक फौज इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ मध्ये टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणला धडकला, तेव्हा हरिपंत फडक्यांची मराठी फौज त्याच्या सोबत होती.