पावसाळ्यात उभी गाडी
कोल्हापुरात पावसाळाभर कित्येकांची गाडी दारात कव्हराखाली उभीच असते. बॅटरीची काळजी सगळे घेतात. कव्हराच्या खळग्यात साचलेल्या पाण्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तेवढ्याशा पाण्यातही अंडी घालतो आणि ८-१० दिवसांत नवे डास उडू लागतात. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कापडाला चिकटून राहतात. कव्हर ताणून बांधावे, दर आठवड्याला घासून वाळवावे.

गाडीत खाऊचे तुकडे राहिले की उंदीर बॉनेटखाली घर करतात. त्यांच्या मूत्रातील लेप्टोस्पायरोसिसचे जंतू हातावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. ती घाण हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवूनच पुसावी. पुढे ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या, तर गाडी साफ केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.